भाड्याच्या घरातलं जुनाट स्वयंपाकघर: टेम्पोत चढेल त्यावरच पैसे घाला

ताई, तुमचं म्हणणं थोडक्यात असं. मुलीच्या अकरावी-बारावीसाठी उदगीरहून लातूरला आलात, जुन्या वस्तीत तळमजल्यावर घर मिळालं. बाकी सगळं ठीक आहे, पण स्वयंपाकघरात पाय टाकला की मन खट्टू होतं. काळ्या कडप्प्याचा ओटा, मागे दोन फुटांपर्यंत फळांची चित्रं असलेल्या तपकिरी टाइल्स, त्यावर गडद हिरवा ऑइलपेंट, ओट्याखाली तीन उघडे खण आणि सगळ्यांत मिळून एक ट्यूबलाइट. मालक म्हणतात, भिंतीला ड्रिल लागलं तर डिपॉझिटमधून कापून घेईन. हाताशी दहा-बारा हजार आहेत. आणि व्हिडिओत दिसतं तसलं संगमरवरी डिझाइनचं स्टिकर ओट्यासकट सगळीकडे लावून टाकावं का, असं तुम्ही विचारलंय.

सगळीकडे लावू नका. ओट्यावर तर मुळीच नको. टाइल्सवर काही ठिकाणी चालेल, ते पुढे येईलच.

मी लातुरातच किचनची आणि किरकोळ फर्निचरची कामं घेतो. जून-जुलैत क्लासेस सुरू झाले की अहमदपूर, निलंगा, देगलूर, परळी, कुठून कुठून आलेल्या आयांचे असेच फोन येतात. घर दोन वर्षांचं, मालक कडक, बजेट बेताचं. त्यामुळे या कामाचा माझा एक ठरलेला हिशोब आहे: घर सोडताना जे टेम्पोत चढेल त्यावर पैसे घालायचे. जे भिंतीला चिकटून मागे राहणार, त्यावर शे-दोनशेच्या वर जायचं नाही.

आता मूळ दुखणं. तुम्ही टाइल्सना दोष देताय, पण स्वयंपाकघर जुनाट वाटतं ते बहुतेक वेळा तीन गोष्टींमुळे: अंधार, चिकटपणा आणि उघड्यावर दिसणारं सामान. टाइल्सवरची सफरचंदं-द्राक्षं हा चौथा मुद्दा, आणि पहिले तीन मिटले की तो फारसा टोचत नाही. मागच्या भाडेकरूंनी घाईत सोडलेलं किचन नुसतं धुऊन, दिवा बदलून दाखवलं की "आता राहू द्या, स्टिकर नको" म्हणणारी गिऱ्हाइकं मला दरवर्षी भेटतात. माझं काम जातं, पण खरं आहे ते आहे.

काही गोष्टी मात्र तुमच्या घरावर अवलंबून आहेत, त्या इथे बसून मी सांगू शकत नाही. ऑइलपेंट भिंतीला किती घट्ट धरून आहे, पावसाळ्यात भिंतीला ओल येते का, आणि ओटा खरंच कडप्प्याचा आहे की काळ्या ग्रॅनाइटचा. शेवटचं तुम्हीच तपासू शकता. ओट्याच्या मागच्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका आणि पाच मिनिटांनी पुसा. तिथे फिकट, निस्तेज डाग राहिला तर कडप्पा. काहीच झालं नाही तर ग्रॅनाइट. कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे, आम्ल त्याला खातं. आपल्याकडची शहाबादी फरशीही त्याच जातीची. हे एवढ्यासाठी सांगतोय की लातुरात बोअरच्या पाण्याचे पांढरे थर काढायला लोक सर्रास संडास साफ करायचं अॅसिड ओततात. टाइल्सवरून ओघळ ओट्यावर आले की ओट्याची काळी झाक कायमची गेली, आणि मग डिपॉझिटचं भांडण सुरू. आणखी एक: असलं अॅसिड आणि ब्लीच कधी एकत्र वापरू नका, विषारी वायू तयार होतो.

कुठल्याही वस्तूला हात लावायच्या आधी फोटो काढा. प्रत्येक भिंत, ओट्याच्या कडा, फुटकी टाइल असेल तर ती, नळ, आधीपासून असलेली भोकं. ते मालकांना व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि खाली साधं लिहा: "काका, आम्ही राहायला आलो तेव्हा किचन असं आहे." त्यांचं "ठीक आहे" आलं की झालं. अकरा महिन्यांचा करार केला असेल तर तो नोंदवलाय का तेही बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. भांडायला नव्हे, काय ठरलं होतं याची दोन्हीकडे नोंद असावी म्हणून.

मग साफसफाई. यात मी जरा जास्त वेळ घेतो, कारण निम्मं काम इथेच होतं.

आपल्याकडे करडईचं तेल चालतं. करडईचं तेल हवेत सुकणारं तेल आहे. पूर्वी रंग आणि वार्निश बनवायला ते वापरलं जायचं ते याच गुणामुळे. फोडणीची वाफ वर जाते, तेलाचे बारीक कण टाइल्सवर बसतात, वर्षानुवर्षं सुकतात, त्यावर भाकरीच्या पिठाची धूळ बसते. म्हणून तुमच्या टाइल्स तपकिरी दिसतात त्यातला काही भाग टाइल्सचा नाहीच, तो या थराचा आहे. भांडी घासायच्या साबणाने हा थर जात नाही, नुसता पसरतो. धुण्याचा सोडा आणा, खायचा नव्हे. अर्ध्या बादली कडकडीत पाण्यात दोन मुठी विरघळवा, हातात रबरी मोजे घाला. जुन्या टॉवेलचा तुकडा त्यात भिजवून टाइल्सवर तसाच चिकटवून ठेवा. दहा-पंधरा मिनिटांनी टॉवेल ओढला की चहाच्या रंगाचे ओघळ खाली येतात. ब्रशने सांधे घासा, परत एकदा टॉवेल लावा, शेवटी साध्या पाण्याने पुसा. एका वेळी तीन-चार टाइल्सच घ्या, म्हणजे थर मऊ असतानाच निघतो. फळांच्या चित्रांमागची पांढरी जमीन बाहेर आली की तुम्हालाच आश्चर्य वाटेल.

हे सोड्याचं पाणी वरच्या ऑइलपेंटला लावू नका. रंगातलं तेल सोड्याने सुटतं, भिंत निस्तेज होते आणि बोट लावलं की रंग हाताला येतो. तिथे कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा साबण आणि मऊ फडकं पुरे. अॅल्युमिनियमची भांडीही सोड्यापासून लांब ठेवा, काळी पडतात.

ओटा धुऊन पूर्ण कोरडा झाला की त्यावर खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि तासाभराने कोरड्या फडक्याने पुसून घ्या. कडप्पा पुन्हा काळा, खोल दिसायला लागतो. करडईचं किंवा शेंगदाण्याचं तेल नको, ते पुढे चिकट होतं. महिन्यातून एकदा केलं तरी चालतं. संगमरवरी स्टिकरने जे होणार होतं त्यापेक्षा हा ओटा चांगला दिसेल असं माझं मत आहे, आणि ते मी स्टिकर विकायला ठेवूनही सांगतो.

ओट्यावर स्टिकर का नको, तेही सांगून टाकतो. हे स्टिकर पीव्हीसीचं असतं. साधारण ७०-८० अंशांच्या पुढे ते मऊ पडायला लागतं, आणि गॅसवरून उतरवलेली कढई त्याच्या दुप्पट गरम असू शकते. मोरीच्या कडेला पाणी आत शिरतं, कड उचलली जाते, खाली ओल आणि उष्टं साचतं. तुम्हाला वरून गुळगुळीत संगमरवर दिसतो आणि खाली झुरळांचा संसार चाललेला असतो. त्यात विळीवर भाजी चिरणं, ओट्यावर पोळपाट ओढणं, भाकरी थापायला परात घासणं. एवढ्या वापरात ते सहा महिनेही नीट टिकत नाही.

टाइल्सवर लावायचंच असेल तर गॅसपासून दोन्ही बाजूंना दोन-अडीच हात सोडून, आणि फक्त गुळगुळीत चकाकी असलेल्या टाइल्सवर लावा. आधी स्पिरिटने पुसा. रुंद पट्टा एकसलग ओढू नका. एकेका टाइलच्या मापाचे तुकडे कापा आणि सांधे मोकळे ठेवा. एक खराब झालं तर एकच बदलता येतं, आणि काढताना भिंतभर ओढाताण होत नाही. सगळी भिंत झाकण्यापेक्षा फळांची चित्रं असलेल्या टाइल्सच झाका, त्या ओळीत दोन-तीनच असतात. साधा पांढरा किंवा फिकट राखाडी रंग घ्या. संगमरवराची नक्कल शेजारच्या खऱ्या टाइलजवळ लगेच उघडी पडते. गॅसच्या मागे काही नको. फार वाटलं तर तिथे स्टीलचा पत्रा कापून ओट्यावर नुसता टेकवून उभा करा. भांड्यांच्या दुकानात किंवा पत्र्याचं काम करणाऱ्याकडे तो मापात मिळतो, कडा मात्र वळवून घ्या, नाहीतर हात कापतो.

ऑइलपेंटवर स्टिकर कुठेच नको. जुन्या घरात रंगावर रंग चढलेला असतो. स्टिकर काढताना हिरव्याखालचा पिवळा, पिवळ्याखालचा निळा, सगळे पापुद्रे एकत्र येतात आणि चुन्यापर्यंत भिंत उघडी पडते. मग मालकांशी वाद घालायला तोंड राहत नाही. डिस्टेंपर असेल तर स्टिकर तसंही चिकटत नाही. चिकटवायच्या हुकांचंही तेच: ते टाइलवर लावा, स्पिरिटने पुसून, आणि लावल्यावर एक दिवस काही अडकवू नका. हुकाच्या पाकिटावर लिहिलेल्या वजनाच्या निम्मंच धरा. झारा, चमचे, गाळणी ठीक. लोखंडी तवा नको.

उजेडाचं बघू. तुमची ट्यूब बहुधा चोकवाली जुनी असेल. ती चोकसकट ४५-५० वॅट खाते आणि ओट्यावर तुमचीच सावली पाडते, कारण ती तुमच्या पाठीमागे आहे. त्याच स्क्रूच्या भोकांत २० वॅटची एलईडी पट्टी बसते. वायरमन शंभर-दोनशेत लावून देईल. मेन स्विच बंद केल्याशिवाय त्याला हात लावू देऊ नका, जुन्या घरातली वायरिंग कुणी कशी जोडलीय ते आत गेल्याशिवाय कळत नाही. जुनी पट्टी कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा, जाताना परत लावायची आहे. दुसरा दिवा ओट्यावर हवा. माळ्याच्या किंवा फळीच्या खालच्या बाजूला लागणारी, प्लगवर चालणारी छोटी एलईडी पट्टी तीन-चारशेत मिळते. ती मोरीपासून लांब असू द्या. खिळा न मारता दुहेरी टेपने लागते, पण टेप टाइलवर किंवा कडप्प्याच्या फळीवर, रंगावर नाही. दुकानात "४००० केल्विन" किंवा "नॅचरल व्हाइट" मागा. ६५०० चा निळसर पांढरा उजेड तपकिरी टाइल्सवर पडला की त्या राखेसारख्या दिसतात. ३००० चा पिवळा आधीच गडद असलेल्या खोलीत आणखी जड वाटतो. माझ्या मते या दोन दिव्यांवर घातलेले हजारभर रुपये बाकी कशाहीपेक्षा जास्त फरक पाडतात.

आता उघडे खण. ट्रॉल्या, प्लायची दारं, बिजागऱ्या, सगळं विसरा. खणांच्या दोन्ही बाजूंना कडप्प्याच्या उभ्या फळ्या असतील तर त्यांच्यामध्ये स्प्रिंगचा दांडा, ज्याला दुकानदार टेन्शन रॉड म्हणतात, नुसता दाबून बसतो. खिळा नाही, भोक नाही. टोकांना रबरी टोप्या असलेलाच घ्या, आणि घेण्याआधी खणाची आतली रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजा. जुन्या कामात ती कधीच सारखी नसते. पडद्याला जाड सुती कापड घ्या. लातूरच्या गंजगोलाई बाजारात ठाणातलं कापड मिळतं, जुनी सोलापुरी चादर असेल तर तीही छान दिसते. जरीचं किंवा सिंथेटिक नको, ठिणगीने वितळतं. फरशीपासून चार बोटं वर ठेवा, म्हणजे पोछा मारताना भिजत नाही.

ज्या खणात सिलिंडर आहे तिथे पडदा लावू नका. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली की खालीच साचतो, आणि पडद्याआड कोंडला की वासही उशिरा येतो. तो खण उघडाच राहू दे, सिलिंडर उभाच असू दे, शेगडी त्याच्यापेक्षा वरच हवी. याच निमित्ताने नळीवरची तारीख बघा. सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते. भाड्याच्या घरात मागच्याच भाडेकरूची नळी वापरणारे बरेच आहेत.

सामान ठेवायला एकच मोठी वस्तू घ्या: स्लॉटेड अँगलचा, म्हणजे भोकं असलेल्या पट्ट्या जोडून केलेला लोखंडी रॅक, पाच फळ्यांचा. तीन हजारांच्या आसपास पडतो, मापाप्रमाणे कापून मिळतो, नट-बोल्ट काढले की चपटा होऊन टेम्पोत जातो. एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची तयार मांडणी दुकानात देखणी दिसते, पण मोरीजवळ एका पावसाळ्यात फुगते. मे महिन्यात नीटची परीक्षा झाली की क्लासच्या परिसरातली कुटुंबं घरं सोडतात, तेव्हा असे रॅक, टेबलं, कूलर निम्म्या किमतीत मिळतात. तुम्ही आता जून-जुलैत आला आहात, त्यामुळे नव्याचेच पैसे द्यावे लागतील, पण दोन वर्षांनी तुम्हीही विकणाऱ्यांत असाल. रॅकच्या वरच्या फळीवर पितळेची, स्टीलची चांगली भांडी दिसू द्या. प्लास्टिकचे रंगीबेरंगी डबे खालच्या फळ्यांवर ठेवून तिथेही तोच पडदा लावा.

पाण्याचं आधी ठरवा, मग रॅकची जागा. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं या गावाने बघितलंय. त्यामुळे पाणी साठवायचा ड्रम इथे घरातून जाणार नाही. भरलेला दोनशे लिटरचा ड्रम दोन क्विंटल भरतो, तो फरशीवरच, भिंतीला लागून, दाराच्या वाटेत नाही अशा कोपऱ्यात हवा. रॅक त्याच्या पुढे आडवा लावला की दारातून ड्रम दिसत नाही आणि तांब्या घालायला बाजूने हात जातो. माठ खिडकीच्या वाऱ्यात ठेवा, तो दिसला तर उलट छानच.

नळ बदलायची गरज नाही. फिरतं तोंड लावा, शंभर-दीडशेत येतं. क्षार साचून धार वाकडी झाली की काढून वाटीत लिंबाच्या पाण्यात बुडवा; ओट्यावर नव्हे, वाटीत. फरशीवर लिनोलियम पसरायचा मोह होईल. माझं मत विचाराल तर नको, खाली पाणी जातं आणि वास मारतो, आणि उन्हाळ्यात शहाबादीचा गारवा पायाला लागतो तो फुकट जातो.

राहिला तो हिरवा रंग. तो तुम्ही झाकू शकत नाही, पण बदलायची परवानगी मागू शकता, आणि इथे मालक वाटतात तितके अवघड नसतात. साफसफाई आणि दिवे झाल्यावर त्यांना चहाला बोलवा. किचन बघू द्या. मग म्हणा, "काका, वरच्या भिंतीला फिकट क्रीम रंग मी आणते, मजुरी तुम्ही द्या, घर तुमचंच आहे." भिंत फक्त टाइल्सच्या वरची, म्हणजे दोन दिवसांचं काम. निम्म्या वेळा मालक तयार होतात, कारण पुढच्या भाडेकरूला दाखवायला त्यांनाही ते हवंच असतं. नाही म्हणाले तर सोडून द्या, त्या भिंतीसमोर रॅक उभा करा. स्वतःच्या पैशाने पूर्ण रंग मात्र देऊ नका; अकरा महिन्यांनी करार वाढेलच याची हमी कुणी देत नाही.

जाताना स्टिकर काढायचे असतील ते भर दुपारी काढा, किंवा केस वाळवायचं मशीन फिरवून कोमट करा. थंड असताना ओढले की डिंक टाइलवर राहतो. राहिलाच तर खोबरेल तेल लावून तासभर ठेवा आणि प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, लोखंडी कलथ्याने नाही. मग तेच सोड्याचं पाणी.

तिन्ही खणांची आतली रुंदी, सिलिंडर कुठल्या खणात आहे आणि लिंबाच्या थेंबाचं काय झालं, एवढं कळवा. पडद्याचं कापड किती मीटर लागेल आणि रॅक किती फुटी घ्यायचा ते मी नेमकं सांगतो.